कामाच्या वाटेने गाव पाहताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त शिकवायचे, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यातले काही जण समोर बसलेले मला दिसताहेत. म्हणून आजचा विषय मी रस्त्यावरचाच घेतला. नांदेड आणि लातूर ही दोन शहरे पायी फिरावीत, आणि फिरताना देवळे, किल्ले, घाट यांच्या जोडीने इथे माणसांनी काय काम केले, कुठे केले, त्या कामाचे काय उरले, हे पाहावे, एवढेच मला आज सांगायचे आहे. आणि हे आजच का सांगायचे, तेही सांगणार आहे. कारण त्या कामाच्या जागा बदलताहेत, झपाट्याने बदलताहेत.

सुरुवात एका प्रश्नाने करू. नांदेडला बाहेरगावचा पाहुणा आला तर आपण त्याला काय दाखवतो? सचखंड गुरुद्वारा दाखवतो. गोदावरीचा घाट दाखवतो. नंदगिरीचा किल्ला दाखवतो. वेळ असेल तर कंधार, माहूर. हे सगळे दाखवायलाच हवे. पण आपल्यापैकी किती जणांनी पाहुण्याला जुन्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या जुन्या बाजारात, नेले आहे? उस्मानशाही मिलची जागा किती जणांनी दाखवली आहे? आणि मी पुढे जाऊन विचारतो, आपल्या स्वतःच्या मुलांना किती जणांनी दाखवली आहे?

का नाही दाखवली? मला याचे एकच उत्तर मिळते. मराठवाडा मागास, मराठवाड्यात उद्योग नाहीत, हे आपण इतकी वर्षे ऐकले, इतकी वर्षे निवेदनांत लिहिले, की आपला आपल्यालाच विश्वास बसला. विकासाच्या अनुशेषाची लढाई खरी आहे. ती लढणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्या लढाईत एक गोष्ट नकळत घडली. इथे उद्योग कमी होते, हे सांगता सांगता इथे उद्योग नव्हतेच, असे आपण म्हणू लागलो. आणि जिथे उद्योगच नव्हता तिथे कामगार कुठला? कामगार नाही तर त्याची आठवण कुठली, त्याची जागा कुठली, त्याचा वारसा कुठला?

तेव्हा आधी हे नीट करू.

जुन्या गॅझेटियरमध्ये नांदेडची ओळख तलम मलमलीचे आणि जरीकाठी वस्त्रांचे गाव अशी आहे. म्हणजे रेल्वे येण्याच्या आधीपासून या गावाचे नाव कापडाशी जोडलेले आहे. नंतर १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला. मीटरगेज. निजामाच्या हमीवर चालणाऱ्या रेल्वेचा. त्या रुळांनी या पट्ट्यातला कापूस मनमाडला नेला, मनमाडला हमालांनी तो छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत चढवला, आणि तिथून तो मुंबईच्या बंदरावर आणि गिरण्यांत गेला. या भागातल्या कापसाला गावरानी म्हणत. देशी कापसात लांब धाग्याचा म्हणून त्याला व्यापाऱ्यांत मान होता. पुढे याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून नांदेड ४४ हे संकरित वाण निघाले, आणि बीटी बियाणे येईपर्यंत कापूस उत्पादकांच्या तोंडी या गावाचे नाव वाणाचे नाव म्हणून होते.

हैदराबाद संस्थानातल्या पहिल्या कापडगिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत निघाल्या: हैदराबादेत, गुलबर्ग्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत. नांदेडची उस्मानशाही मिल विसाव्या शतकातली. सातव्या निजामाचे नाव तिला मिळाले. वरंगळची आझमजाही मिल १९३४ ची, ती हिची धाकटी बहीण. १९२९ साली निजाम सरकारने एक कोटी रुपयांचा औद्योगिक निधी उभा केला होता, आणि अशा मोठ्या कारखान्यांना त्या निधीचा हात मिळाला. म्हणजे गोदावरीच्या काठी कापडाची गिरणी आपसूक उगवली नव्हती. कुणी तरी विचार केला होता, भांडवल घातले होते, कापूस इथला, पाणी इथले, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हात इथले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, पुढे भाषावार प्रांत झाले, महाराष्ट्र झाला, आणि १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या यादीत नांदेडची उस्मानशाही होती. निजामाच्या नावाची गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. ती बंद पडली.

मला सांगा, हा उद्योगाचा इतिहास नाही तर काय आहे?

आता माझ्याबरोबर जरा चाला. मनाने चाला, पुढे पायांनीही चालू.

मोंढ्यापासून निघू. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या मोंढ्याच्या गावी जा, मी म्हणतो ते दिसेल. मोंढा, रेल्वे स्टेशन आणि जिन, ही तीन ठिकाणे एकमेकांना धरून असतात. असे का? याचे उत्तर पुस्तकात शोधू नका, जिनमध्ये शोधा.

शेतकऱ्याच्या गाडीतून कापूस येतो तेव्हा त्यात सरकी असते. जिनच्या यंत्रात चामड्याचा रूळ फिरत असतो. कापसाचा तंतू त्या रुळाला धरतो आणि त्याच्याबरोबर पुढे ओढला जातो. रुळाला टेकलेले एक स्थिर पाते असते, आणि समोर दुसरे पाते खालीवर हलत असते. तंतू पात्याखालून निसटतो, सरकी अडते, हलत्या पात्याचा ठोका बसतो आणि ती खाली गळते. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. एका क्विंटल कापसात रुई साधारण ३३ ते ३५ किलो. बाकी बहुतेक सरकी. म्हणजे कापूस तसाच मुंबईला पाठवला तर दोन तृतीयांश भाडे सरकीचे जाणार. म्हणून जिन कापसाच्या गावातच हवे. आणि नुसती रुई फुललेली असते, वॅगन भरून पाठवली तरी वजन थोडेच जाते. म्हणून तिला दाबून गाठ बांधणारे प्रेस जिनच्या शेजारीच हवे. आज ती गाठ १७० किलोची असते. गाठ बांधली की ती लगेच वॅगनमध्ये चढायला हवी, म्हणून प्रेस स्टेशनच्या जवळ. आणि ती जी सरकी उरली, तिचे तेल निघते, म्हणून तेलाची गिरणी जिनला लागून. तेल काढल्यावर पेंड उरते, ती दुभत्या जनावरांना, म्हणून गवळ्यांची वस्ती त्या बाजूला. रुईला आग लागते, एक ठिणगी पुरते, म्हणून जिनचे आवार मोकळे, भिंती जाड, पाण्याचा हौद मोठा, आणि वस्तीपासून तेव्हा तरी लांब.

बघा, एका रुळापासून आपण निघालो आणि अर्ध्या गावाचा नकाशा हाताशी आला. कुणी नगररचनाकाराने हा नकाशा काढला नव्हता. कामाने काढला होता. म्हणून मी म्हणतो, चाला. गाडीतून जाताना एक पडकी भिंत आणि आत बाभळी दिसतात. चालताना ती भिंत किती जाड आहे ते दिसते, तिला खिडक्या का नाहीत ते कळते, फाटक इतके रुंद का, ते कळते. दोन बैलगाड्या समोरासमोर जाव्यात, एवढे ते फाटक असते.

गिरणीच्या इमारतीची खूण आणखी वेगळी. तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे वरखाली असते. दात्याची एक बाजू उतरती आणि पत्र्याची, दुसरी उभी आणि काचेची. ती काच उत्तरेकडे तोंड करून असते. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. काच दक्षिणेला ठेवली तर कडक ऊन थेट मागावर पडेल, डोळे दिपतील, तुटलेला धागा दिसणार नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. विजेचे दिवे महाग होते, तेव्हा ही सोय कारागिराच्या डोळ्यासाठी केलेली होती. आत हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तडकते. त्या दमट, कापसाची धूळ भरलेल्या हवेत माणसे आठ-आठ तासांच्या पाळ्या करत. त्यांच्या छातीत काय साठले, ते त्यांच्या घरच्यांना माहीत आहे.

एकदा विद्यार्थ्यांबरोबर चालताना एक निवृत्त गिरणी कामगार सोबत आले होते. वय ऐंशीच्या पुढचे. मुलांनी त्यांना विचारले, आजोबा, मिलचे तुम्हाला काय आठवते? मला वाटले भोंगा म्हणतील. सगळे भोंगाच म्हणतात. ते म्हणाले, "हात." आणि त्यांनी दोन बोटे आणि अंगठा असे फिरवून दाखवले. तुटलेल्या धाग्याची दोन टोके एका क्षणात जोडायची, तो पीळ. गाठ दिसायला नको, मागही थांबायला नको. इतक्या वर्षांनी त्यांची बोटे ते विसरली नव्हती. मुलांनी ते मोबाइलवर टिपले. मी तुम्हाला विचारतो, हा वारसा कोणत्या यादीत आहे? भिंत पडली तर निदान फोटो तरी उरतो. ही बोटे गेली की संपले.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. या सगळ्यात बायांचे काम सर्वांत आधी पुसले जाते. जिनमध्ये कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया. मोंढ्यात धान्य चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या, सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या बाया. डाळमिलमध्ये निवडणाऱ्या बाया. हमालांसाठी राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला, देशाला अभिमान वाटावा असा कायदा. त्यामागे संघटना होती, आवाज होता. चाळणीवरच्या बाईला तेवढे बळ मिळाले नाही. जुन्या कारखान्याच्या दारावर मालकाचे नाव कोरलेले असते, उद्घाटन करणाऱ्याचे असते. तिचे कुठेच नसते. म्हणून चालणाऱ्यांना माझी विनंती आहे, त्या गल्लीत जा, ओट्यावर बसा, आजींना विचारा. नावे लिहून घ्या.

आता लातूरला जाऊ.

लातूरची गोष्ट नांदेडहून निराळी आहे. नांदेडला नदी होती, किल्ला होता, यात्रा होती. लातूरला आजचे लातूर केले ते व्यापाराने, आणि व्यापाराला लातूरपर्यंत आणले ते एका छोट्या रुळाने. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता. त्याचे म्हणणे असे की, मोठ्या रेल्वेला लागणारा खर्च न करता, अडीच फुटी अरुंद रुळावरही भरपूर माल वाहता येतो, फक्त गाडीचे वजन प्रत्येक आसावर सारखे वाटून दिले पाहिजे. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, मग इंजिन असो की मालडबा. एवढा हिशेब सांभाळला की हलका रूळ पुरतो, पूल हलके चालतात, खर्च कमी येतो. पुढे जगभरच्या अरुंद रेल्वेवाल्यांनी ज्याचा अभ्यास केला, तो हा हिशेब बार्शीच्या माळावर सिद्ध झाला. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. १९११ साली ती लातूरला पोचली. दुसऱ्या टोकाला पंढरपूर, आणि १९२७ साली मिरज. वारकरी याच गाडीने गेले, आणि लातूरचा कापूस, भुईमूग, धान्यही याच गाडीने गेले. १९५४ साली ती सरकारने घेतली.

रूळ आल्यावर काही वर्षांतच लातूरने आपली पेठ बांधली. गंजगोलाई. १९१७ चे काम असे सांगतात, आणि फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने तिची आखणी केली. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचे देऊळ, आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. सोन्याचांदीपासून चपलांपर्यंत, मिरचीपासून गुळापर्यंत एकेका मालाची जागा ठरलेली. मी लातूरला गेलो की गोलाईला एक फेरी पायी मारतोच. तुम्हीही मारा, पण सकाळी लवकर मारा, दुकाने उघडायच्या आत. बंद फळ्यांवर, जुन्या पाट्यांवर, दगडी ओट्यांच्या झिजलेल्या कडांवर तुम्हाला वाचायला मिळेल की माल कुठे उतरायचा, तोलायचा कुठे, हिशेब कुठे व्हायचा. नंतर बाजार समितीत जा. आजही लातूरच्या बाजारात तुरीचा, सोयाबीनचा सौदा होतो, पोटलीत नमुना घेऊन भाव ठरतो, आणि राज्यभरचे शेतकरी लातूरचा दर विचारतात. शंभर वर्षांपूर्वीचा तो रूळ उखडला गेला, पण त्याने जमवलेला बाजार अजून भरतो आहे.

रूळ उखडला, म्हणजे त्याची जागा मोठ्या रुळाने घेतली. २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली. ही हवीच होती, तिच्यासाठी लातूरकरांनी किती पाठपुरावा केला, हे मी जाणतो. पण शहराच्या आतला जुन्या गाडीचा मार्ग मोकळा पडला. त्यावर आज रस्ते आहेत, दुकाने आहेत, आणि लोक पत्ता सांगताना अजून जुनी रेल्वे लाइन म्हणतात. लाइनचा एक तुकडा, एक फलाट, एक छोटे इंजिन आणि शेजारी कॅलथ्रॉपचा तो पाच टनांचा हिशेब मुलांना कळेल असा मांडलेला, एवढे शहराच्या मधोमध ठेवायला काय हरकत होती? आजही काय हरकत आहे?

आणि हे मी केवळ हौसेपोटी म्हणत नाही. २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडे. लातूर शहराला पाणी नाही. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी आली. १० टँकर, प्रत्येकात ५० हजार लिटर. पुढे एकेका फेरीला २५ लाख लिटर आले. सगळ्या देशाने ती बातमी पाहिली. ती गाडी कोणत्या वाटेने आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. एका शतकापूर्वी बार्शी लाइटने आखलेली, बहुतांशी तीच वाट. लातूरचा कापूस ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने लातूरला कृष्णेचे पाणी आले. ती वाट कुणी बांधली, कशी बांधली, तिच्यावर कोण राबले, हे लातूरच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला नको का? त्याच शहराजवळ हरंगुळला आता रेल्वेचे डबे तयार करणारा कारखाना उभा राहिला आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथला पहिला सांगाडा बाहेर पडला. तिथे कामाला लागणाऱ्या पोराला कळू द्या की रेल्वेचे नवे तंत्र त्याच्या गावाला नवे नाही.

आता मुद्द्याचे, अवघड बोलतो. पुनर्विकासाचे.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. हे स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. बंद गिरणीची जमीन शहराच्या मध्यावर पडून राहावी, तिथे कचरा साठावा, असे कुणालाच वाटत नाही. नांदेडने २००८ च्या गुरुता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केवढा बदल पाहिला! केंद्राच्या नागरी योजनेचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, पूल झाले, भाविकांची सोय झाली. शहराने ते पेलले. पण रस्ता रुंद करताना ज्या दर्शनी भिंती गेल्या, जे जुने वखारीचे ओटे गेले, त्यांची नोंद कुणी केली? पाडण्याआधी एक फोटो, एक माप, एक आठवण? लातूर जिल्ह्याने तर याहून मोठे दुःख सोसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावेच्या गावे नव्या जागी वसली. घरे पक्की झाली, रस्ते सरळ झाले. पण जुन्या गावातली सुताराची आळी, तेल्याची आळी, कोण कुणाच्या शेजारी का राहत होते, ते नव्या आखणीत आले नाही. तेव्हा जीव वाचवायचे होते, वेळ नव्हता, मी कुणाला दोष देत नाही. आज मात्र वेळ आहे.

दुसरीकडे काय झाले ते पाहा. मुंबईत गिरण्यांची सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला, वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे झाले, आणि लोकांच्या वाट्याचे क्षेत्र आक्रसले. न्यायालयात लढाई झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावात आज फिरा, मॉलच्या दारात एखादी चिमणी उभी दिसेल, पण ज्यांनी ती पेटती ठेवली त्यांच्या घराचा प्रश्न अजून सोडतीच्या यादीत आहे. आणि आपल्या नात्यातली वरंगळची आझमजाही? ती २००० नंतर बंद झाली, इमारती गेल्या, जमिनीचे भूखंड पडले. उस्मानशाहीच्या धाकट्या बहिणीचे हे झाले.

याच्या उलट जर्मनीतले एसेन शहर पाहा. तिथली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद पडली. पाडायची सोडून त्यांनी ती जपली, तिथे संग्रहालय, शिक्षण, कला आणली, आणि २००१ मध्ये ती जागतिक वारसा झाली. इतके लांब जायचे नसेल तर अहमदाबादला जा. तिथल्या महापालिकेने १९९७ मध्ये जुन्या शहरातून रोजची वारसा पदयात्रा सुरू केली. लोक चालू लागले, चालता चालता प्रेम बसले, आणि वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर जागतिक वारसा ठरले. तिथे सुरुवात चालण्यापासून झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

इथे कुणी तरी मला नक्की म्हणेल, आणि रस्त्यावर म्हटलेही आहे: कामगाराच्या थकबाकीचे बोला, त्याच्या घराचे बोला, भिंती कसल्या जपता? हा आक्षेप मला मान्य आहे. आधी त्याची थकबाकी, आधी त्याचे घर. पण मी विचारतो, ज्या दिवशी ती भिंत जाईल, त्या दिवशी त्याचा हक्क कशावर उभा राहणार? इथे गिरणी होती, इथे इतकी माणसे राबली, याची खूण जागेवर असते तोवर त्याचे मागणे जिवंत असते. खूण पुसली की तो फक्त एक अर्जदार उरतो. म्हणून वारसा आणि हक्क ही दोन भांडणे आहेत, असे मला वाटत नाही. हे एकच भांडण आहे.

मग करायचे काय? मी तज्ज्ञ समितीची वाट पाहायला सांगणार नाही. पण एक सरकारी काम आहे आणि ते मागायला हवे. राज्याची एकत्रित विकास नियमावली २०२० मध्ये आली. तिच्यात वारसा इमारतींची यादी करण्याची आणि त्या जपण्याची तरतूद आहे. नांदेडच्या आणि लातूरच्या महापालिकांनी यादी करताना तिच्यात कामाच्या जागा घालाव्यात: गिरणीचे आवार, जिन, प्रेस, मोंढ्याच्या वखारी, तेलाच्या गिरण्या, रेल्वेच्या जुन्या इमारती, पाण्याच्या टाक्या. आणि यादी आधी, परवानगी नंतर. ज्या भूखंडावर शंभर वर्षे काम चालले, तिथे नवे बांधकाम करताना निदान एक भिंत, एक छप्पर, एक तोलकाटा जागेवर राहील, आणि त्या जागी राबलेल्यांची नावे लिहिली जातील, ही अट घाला. ही अट बिल्डरला बुडवत नाही. तो इमारतीला नाव देतोच, तेव्हा हे नावही चालेल.

दुसरे काम विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांचे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक उन्हाळा एका जिनला द्यावा. मालकाकडच्या वह्या पाहाव्यात, हजेरीपत्रके पाहावीत, उरलेल्या कामगारांशी बोलावे. वह्या वाळवी खाते आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि सगळेच संपलेले आहे, असे समजू नका. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे उदाहरण घ्या. स्वामीजींच्या आणि गोविंदभाई श्रॉफांच्या परंपरेतली ही संस्था. उदगीरच्या केंद्रात हातमागावर ध्वजाचे कापड विणले जाते, आणि नांदेडच्या केंद्रात त्याचा तिरंगा होतो. लातूर जिल्ह्यातले विणकाम, नांदेडची शिलाई, चक्राची छपाई, शिवणीचे माप, दोरीचा गुंता होऊ नये म्हणून बसवलेले लाकूड, सगळे ठरलेल्या नियमाने. हे काम आजही चालू आहे. देशात खादीचा तिरंगा तयार करणारी ठिकाणे मोजकी, त्यातले एक आपले. पायी फिरण्याचा शेवटचा टप्पा मी नेहमी तिथे ठेवतो. आधी बंद दारे पाहून झालेली असतात, मग शिलाई यंत्रांचा आवाज येतो, आणि मुलांचे चेहरे बदलतात. शिलाईला बसलेल्या बाईंना मुले तास-तासभर प्रश्न विचारतात. त्याही उत्तरे देतात, हात न थांबवता.

येत्या रविवारी आपण नांदेडात चालणार आहोत. सकाळी साडेसहाला जुन्या मोंढ्यात जमू. तिथून रेल्वे स्टेशन, जुन्या जिनच्या भिंती, मग उस्मानशाहीची जागा आणि शेवटी खादी समिती. ऊन चढायच्या आत परत. घरात कुणी गिरणीत, जिनमध्ये, मोंढ्यात, रेल्वेत काम केलेले असेल तर त्यांना घेऊन या. चालता येत नसेल तर रिक्षाची सोय कार्यकर्ते करणार आहेत. जुने हजेरी कार्ड, पगाराची पावती, युनियनची वर्गणीची पावती, कामावरचा फोटो, जे असेल ते आणा. तिथल्या तिथे त्याचे छायाचित्र काढून मूळ कागद परत देऊ. नाव, खाते, पाळी आणि कामाची वर्षे एका वहीत लिहून घ्यायला दोन मुली बसलेल्या असतील. वही आजच सुरू केली आहे. सभा संपल्यावर दाराशी टेबलावर आहे, ज्यांना आत्ताच नाव लिहायचे आहे त्यांनी लिहून जावे.